सनई टाकली, चाल कुठं टाकू?

मार्चच्या शेवटच्या रविवारी आमच्या कळंबच्या वस्तीत जयंतीची मीटिंग झाली. वर्गणी किती, झेंडे किती, जेवणाला काय, हे अर्ध्या तासात उरकलं. मग वाजपाचा विषय निघाला आणि दोन तास कुणी उठलं नाही.

पोरांचं म्हणणं, यंदा डीजे. बाहेरून गाडी आणायची, भिंतीएवढे डबे लावायचे, सगळ्या कर्जत तालुक्याला कळलं पाहिजे जयंती कुणाची आहे. मी म्हटलं, घरात बेंजो आहे. आबा आहेत, मी आहे, ढोलकीला दोन पोरं आहेत. आबांच्या जुन्या चाली बेंजोवर वाजवू.

तेव्हा आमचा एक दोस्त उठला. शिकलेला आहे, एम. ए. करतोय, चळवळीत माझ्याआधी आलेला. मला मनापासून आवडतो म्हणून त्याचं लागलंही जास्त. तो म्हणाला, "त्या चाली महारकीच्या आहेत. ज्या चालीवर आपल्या बापजाद्यांनी मानकऱ्यांच्या वराती मिरवल्या, ती चाल बाबासाहेबांच्या मिरवणुकीत वाजवणार? लाज वाटली पाहिजे."

सगळे गप्प. मीही गप्प. आबा भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, चपला शोधल्या आणि घरी गेले.

मी गोदीत ओझी उचलणारा माणूस. दहावी पास, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक. चार कविता छापून आल्यात एवढीच माझी लायकी. मीटिंगमध्ये मला उत्तर सुचलं नाही. नेरळ ते मशीद बंदर लोकलमध्ये लटकताना, पाळी संपल्यावर शेडच्या पायरीवर बसून विडी ओढताना जे सुचत गेलं, ते आता लिहितोय. दोस्त वाचेल. तुम्हीही वाचा, कारण हा वाद फक्त कळंबचा नाही. तो तुमच्या चाळीत, तुमच्या बुद्धविहाराच्या ओट्यावर पण चालू आहे.

आधी दोस्ताचं जे खरं आहे ते कबूल करतो.

वाजवणं ही आपल्याकडं कला नव्हती, वेठ होती. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' लिहिलं, त्यात इंदूरकडच्या बलाई लोकांची हकिगत आहे. १९२८ सालच्या वर्तमानपत्रातली. सवर्णांनी बलाईंना हुकूम काढले : जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. आणि त्यातच एक हुकूम असा, की हिंदूंच्या सगळ्या लग्नांत बलाईंनी मिरवणुकीपुढं वाजवलंच पाहिजे. नीट बघा. दागिना घालू नको आणि वाजव, हे दोन्ही हुकूम एकाच कागदावर. आपल्या अंगावरचा जर त्यांना खुपतो आणि आपल्या फुफ्फुसातली हवा मात्र त्यांच्या मांडवाला पाहिजे.

माझा पणजा सनई वाजवायचा. त्याचा धाकटा भाऊ सूर धरायचा. सूर म्हणजे काय ते आज पोरांना सांगावं लागतं. सनईच्या जोडीला दुसरी नळी असते, तिच्यावर चाल नसते, एकच स्वर असतो. तो तासन् तास तोडायचा नाही. गाल फुगवून ठेवायचे, नाकाने श्वास घ्यायचा, तोंडाने सोडत राहायचा. आपला सनईवाला वर कितीही फिरो, खाली सूर हलता कामा नये. लग्न मांडवात लागायचं आणि हे दोघे मांडवाबाहेर, खरकट्या पत्रावळी पडतात त्या बाजूला. सनई मांडवात गेलेली चालायची, सनईवाला नाही. मजुरी म्हणजे उरलेलं अन्न आणि कुणाला दया आली तर नारळाचं भकल.

आबा दहा वर्षांचे असताना चुलत्याच्या छातीत पाणी झालं, तेव्हापासून सूर आबांकडं आला. चार वर्षं त्यांनी तो धरला. मग १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला. पणजा नागपूरला गेला नव्हता, गाडीभाड्याला पैसे नव्हते. पण बातमी आली आणि थोड्या दिवसांनी पणजानं दोन्ही नळ्या गोणपाटात गुंडाळल्या आणि नदीत टाकल्या. पुढं सरकारनं १९५८ साली कायदा करून महार वतनं खालसा केली, पण आमच्या घरातलं वतन त्या नदीवर आधीच खालसा झालं होतं. मी पणजाला पाहिलं नाही. त्या गोणपाटाबद्दल मात्र मला अभिमान आहे आणि तो कुणी काढून घेऊ शकत नाही.

तेव्हा दोस्ता, सनई टाकणं बरोबर होतं. ह्यावर आपलं भांडण नाही. हा रायगड जिल्हा आहे, तेव्हाचा कुलाबा. १९२७ साली ह्याच जिल्ह्यात महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि मेलेल्या ढोराचं मांस टाका, गावकीची लाचार कामं टाका असं सांगितलं. आपण टाकली. आपल्या लोकांनी मार खाऊन टाकली, वाळीत पडून टाकली.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गोणपाटात दोन नळ्या होत्या. चाल होती का?

मीटिंगच्या रात्री मी घरी गेलो तर आबा अंगणात बसलेले. म्हटलं, "आबा, मनावर घेऊ नका." ते म्हणाले, "मनावर कशाला घेऊ? पोरगं शिकलेलं आहे, रागावणारच. पण त्याला सांग, ती वराताची चाल मानकऱ्यांनी नाही दिली. मानकऱ्याला कुठं चाल येत होती? ती माझ्या आयेच्या जात्याची चाल. ती पहाटे दळायला बसली का बा अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचा आणि मग सनईवर घ्यायचा."

मी थंड पडलो. पंचवीस वर्षं मी ती चाल ऐकतोय आणि मला माहीत नव्हतं ती पणजीच्या जात्यातून निघाली. वरातीत मिरवला नवरदेव मानकऱ्याचा, पण खाली जे वाजत होतं ते महारवाड्यातल्या बाईचं दळण होतं. आपल्यालाच हे माहीत नाही म्हणून आपण त्या चालीला महारकीची म्हणतो. महारकीची होती ती जागा, मांडवाबाहेरची. महारकीचं होतं ते खरकटं. चाल आपली होती. मी गोदीत लोखंडाची कॉइल सरकवतो ती मालकाची. माझा खांदा मालकाचा नाही. ठेकेदाराकडं काम सोडलं तर मी खांदा तिथं ठेवून येतो का?

आता बेंजोबद्दल बोलतो, कारण मुंबईतल्या आपल्या पोरांना बेंजो म्हणजे फक्त गणपतीचा आणि हळदीचा धिंगाणा वाटतो. २०१६ साली रितेश देशमुखचा 'बँजो' नावाचा सिनेमा आला, तेव्हापासून बाहेरच्यांनाही हे नाव कळलं. पण हा खोका आला कुठून?

आपण ज्याला बेंजो म्हणतो तो मुळात जपानी. नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसानं १९१२ साली तो बनवला. टाइपरायटरची बटणं बघून त्याला ही युक्ती सुचली : तारेवर बोट दाबण्याऐवजी बटण दाबायचं. जपानात त्याला ताइशोगोतो म्हणतात. आपल्याकडं तो बुलबुलतरंग झाला, बलुचिस्तानात बेंजू झाला, आणि मुंबई-कोकणात बेंजो. ज्याचं हे नाव खरं, तो अमेरिकेतला बँजो वेगळाच आहे, कातड्यानं मढवलेला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून नेलेल्या काळ्या लोकांनी तिकडच्या भोपळ्याच्या वाद्यांच्या आठवणीनं तो तिथं बनवला. म्हणजे अंग जपानी, नाव काळ्या गुलामांच्या वाद्याचं आणि वाजवणारे आपण.

आबा अठराव्या वर्षी मुंबईला गोदीत लागले. पहिल्या दिवाळीच्या पैशातून चोरबाजारातून जुना बेंजो घेतला. मी विचारलं, बेंजोच का? पेटी का नाही? म्हणाले, "पेटी महाग. आणि पेटी कीर्तनात असते, सनई देवळात असते, हलगी मांगवाड्यात असते. ह्याला कुणी अजून जागा दिलेली नव्हती." आबा चौथी शिकलेले. पण ह्याच्याहून नेमकं कुणी मला सांगितलेलं नाही. आपल्या देशात वाद्यालाही जात आहे. चामड्याचं कुणी वाजवायचं, फुंकायचं कुणी, तंबोरा कुणाच्या मांडीवर शोभतो, सगळं ठरलेलं. हा खोका उशिरा आला, बाहेरून आला, म्हणून त्याची जात ठरवायला कुणाला सवड मिळाली नाही.

तर आबा खोलीत बसून आईच्या आणि बापाच्या चाली त्यावर शोधायला लागले. हे सोपं नाही. सनईत स्वर वाकतो. ओठ दाबले, बोट अर्धं उचललं की एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येतं. बेंजोला बटण आहे. बटण दाबलं की स्वर, सोडलं की संपला. मधली घसरगुंडीच नाही. सनईचा स्वर श्वास असेपर्यंत टिकतो, बेंजोचा नखी मारल्यावर लगेच विझायला लागतो. मग आबांनी काय केलं? लांब स्वराच्या जागी नखी भराभर मारत राहायचं, म्हणजे स्वर विझण्याआधी पुन्हा पेटतो. घसरण्याच्या जागी मधली दोन बटणं चाटून जायचं. आणि जिथं काहीच जमत नाही तिथं ती हरकत सोडून द्यायची, हाडं तेवढी ठेवायची. आबा म्हणतात, "मांस गेलं तरी हाडावरून माणूस वळखू येतो."

आणि सूर? बेंजोत चालीच्या तारा बटणांखालून जातात आणि बाजूला काही तारा मोकळ्या असतात. त्यांना बटण नाही. नखी फिरते तेव्हा त्या आपोआप वाजतात, एकाच स्वरात, शेवटपर्यंत. मी लहान असताना आबांनी मला त्या तारा दाखवून सांगितलं होतं, "हा मी." मला तेव्हा कळलं नव्हतं. दहा वर्षांचा पोरगा नाकानं श्वास घेत मांडवाबाहेर जो सूर धरत होता, तो आता खोक्यात बसलाय आणि त्याला कुणी खरकटं देत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रपाळी, जोराचा पाऊस, क्रेन बंद. शेडमध्ये टोळीतला एकजण फोनवर काहीबाही बघत होता. एक गोरी म्हातारी मांडीवर लांबट लाकडी खोका आडवा ठेवून वाजवत होती. मी उडी मारून फोन हिसकावला. अरे, हा तर आपला बेंजो, बटणं काढून! एका तारेवर चाल, बाकीच्या तारा मोकळ्या, नुसता सूर धरणाऱ्या.

त्याला डल्सिमर म्हणतात. अमेरिकेच्या पूर्वेला ॲपलेशियन नावाचे डोंगर आहेत : केंटकी, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांमधून पसरलेले. तिथं कोळशाच्या खाणी, गरिबी, आणि शहरवाल्यांनी 'डोंगरी अडाणी' म्हणून हिणवलेले गोरे शेतकरी नि खाणकामगार. जर्मन लोकांचं एक जुनं तारवाद्य होतं, त्यावरून ह्या लोकांनी घरच्या लाकडाचा डल्सिमर बनवला. तीन किंवा चार तारा. पडदे सगळ्या स्वरांचे नाहीत, पेटीच्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्या असाव्यात तसे. डाव्या हातात लाकडाची किंवा बांबूची कांडी घेऊन तारेवरून सरकवायची, उजव्या हातात पक्ष्याचं पीस घेऊन छेडायचं. आणि त्यावर वाजवायचं काय, तर फिडलच्या चाली. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण नाचाच्या अंगानं वाजवलेलं. फिडलला पडदे नाहीत, स्वर हवा तसा वाकतो. डल्सिमरला पडदे आहेत, काही स्वर तर नाहीतच. तेव्हा तिथले लोकही तेच करतात जे आबांनी चाळीच्या खोलीत केलं : जमेल ते घ्यायचं, न जमेल ते सोडायचं, हाडं राखायची. जीन रिची नावाची बाई होती, केंटकीची, १९२२ सालचा जन्म, चौदा भावंडांत शेंडेफळ. तिनं हे वाद्य डोंगरातून न्यूयॉर्कला आणलं आणि कोळशासाठी डोंगर ओरबाडणाऱ्यांविरुद्ध गाणीही लिहिली. २०१५ साली वारली.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, गोऱ्यांचं कौतुक आम्हाला कशाला? तर थांबा. फिडलची दुसरी बाजू सांगतो.

अमेरिकेत गुलामीच्या काळात मालकांच्या नाचाला फिडल वाजवणारे बहुतेक काळे गुलाम असायचे. सॉलोमन नॉर्थप नावाचा स्वतंत्र काळा माणूस फिडल वाजवायचा. वाजवण्याचं काम देतो म्हणून फसवून त्याला नेलं आणि गुलाम म्हणून विकलं. बारा वर्षं तो लुइझियानात राबला आणि मालकांच्या मेजवान्यांत वाजवतही राहिला. सुटल्यावर १८५३ साली त्यानं आपली कहाणी छापली. म्हणजे मांडवाबाहेरचा सनईवाला तिकडंही होताच.

ह्या डोंगरी संगीतात काळ्यांचा घाम किती आहे ते बराच काळ लपवलं गेलं. १९१६ ते १९१८ ह्या वर्षांत सेसिल शार्प नावाचा इंग्रज त्या डोंगरात गाणी लिहून घेत फिरला. त्याला इंग्लंडची जुनी गाणी पाहिजे होती, म्हणून त्यानं गोऱ्यांचीच दारं ठोठावली. पुढं रेकॉर्ड कंपन्या आल्या. १९२० नंतर त्यांनी काळ्यांच्या रेकॉर्डी एका यादीत टाकल्या आणि डोंगरी गोऱ्यांच्या दुसऱ्या यादीत. दोघं एकच चाल वाजवत असले तरी. हळूहळू लोक समजायला लागले की फिडल नि बँजो म्हणजे गोऱ्यांची वाद्यं. काळ्या पोरांनाही तसंच वाटायला लागलं, आणि ज्यांना आठवत होतं त्यांनाही ती चाल म्हणजे मालकाच्या घरची आठवण वाटायची. नकोच ती. आपल्या दोस्तासारखंच.

मग नॉर्थ कॅरोलायनात मेबेन गावी जो थॉम्पसन नावाचा म्हातारा उरला होता. काळा फिडलवाला, १९१८ चा जन्म, फर्निचरच्या कारखान्यात आयुष्य काढलेला कामगार. २००५ साली तीन काळी तरुण पोरं, रायनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन, दर गुरुवारी त्याच्या घरी जाऊन बसायला लागली. शिक्षक नाही, शाळा नाही. म्हातारा वाजवायचा, पोरं मागून वाजवायची. त्यांनी पुढं आपलं पथक केलं, कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स. २०११ साली त्यांच्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं. जो थॉम्पसन २०१२ ला गेला. ती पोरं गेली नसती तर त्याच्याबरोबर चालीही गेल्या असत्या आणि यादी गोऱ्यांचीच राहिली असती.

आपण १९७२ साली पँथर हे नाव काळ्या बंधूंकडून घेतलं. मग ही दर गुरुवारची गोष्टही घ्यायला काय हरकत आहे?

आणि लांब कशाला जायचं? आपल्याच घरात दाखला आहे. १९३० च्या दशकात नाशिककडं भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्यांनी काय केलं? तमाशाचा साचा घेतला. तोच तमाशा, जो जमीनदारांच्या करमणुकीला नाचवला गेला होता. गणातला देव काढला, गौळणीतला कृष्ण काढला, तिथं शिक्षण, संघटना, बाबासाहेब आणले. ढोलकी ठेवली, तुणतुणं ठेवलं. ढोलकी मालकाच्या वाड्यात वाजली म्हणून त्यांनी ती नदीत टाकली असती तर ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या लाखो लोकांपर्यंत बाबासाहेब कसे पोचले असते? वामनदादा कर्डक गावोगाव पायी फिरले, ते कुठल्या चालींवर? लोकांच्या ओठावर ज्या होत्या त्या. नंतर कॅसेटी आल्या, सिनेमाच्या चालींवर भीमगीतं आली. त्यावर मी नाक मुरडत नाही, मीही त्यावर नाचलोय. पण गंमत बघा. सिनेमावाल्याची चाल आपल्याला चालते, आणि पणजीच्या जात्याची चाल म्हणजे गुलामी?

आता जरा कडू बोलतो.

आपल्यातले काही लोक सनई-हलगीला नाक मुरडतात ते गुलामीच्या रागानं नाही. आपण आता तसले राहिलो नाही, हे दाखवायला. जयंतीला आपण हलगीवाले आणतो. कुणाला? मातंग भावाला. पैसे ठरवतो, दोन तास घाम काढून घेतो, नाचतो. मग पंगत बसते तेव्हा तो कुठं असतो? टेम्पोजवळ. त्याचं ताट टेम्पोजवळ जातं. मी माझ्या डोळ्यांनी हे पाहिलंय, एका वर्षी मीच ते ताट नेऊन दिलंय आणि मला काही वाटलं नाही. मांडवाबाहेरची जागा आपण मोडली नाही, फक्त तिथं उभा राहणारा बदलला. दोस्ता, लाज वाटायची तर इथं वाटू दे.

दुसरं कडू. आमच्या कर्जत-नेरळच्या बाजूला मुंबईवाल्यांची फार्महाऊसं किती झालीत ते तुम्हाला माहीत आहे. ठाकरवाडीच्या पोराला बापाच्या जमिनीवर गेटकीपर करून ठेवलंय. तर एका फार्महाऊसच्या लग्नाची कामं घेणारा माणूस मागल्या वर्षी आबांकडं आला. म्हणाला, बाबा, बेंजो नको, सनई पाहिजे. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पागोटं, गेटपाशी बसायचं, पाहुणे आले की वाजवायचं. पैसे चांगले. 'अस्सल फोक' म्हणाला. आबांनी विचारलं, "आत बसायचं का गेटपाशी?" तो म्हणाला, गेटपाशी. आबा हसले आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

म्हणजे दोन्हीकडून तीच जागा पुढं येते. शिकलेला दोस्त म्हणतो चाल टाका, पैसेवाला म्हणतो चाल द्या पण पागोट्यासकट. चाल आणि जागा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दोघांनाही दिसत नाही. आबांना दिसलं होतं, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, चोरबाजारात. चाल ठेवली, जागा बदलली. सनई फेकून बेंजो घेतला तो काही आवड म्हणून नाही. चालीला उंबऱ्याच्या आत आणायला घेतला.

डीजेबद्दल माझं म्हणणं थोडक्यात. मोठा आवाज मला आवडतो. ज्यांचा आवाज हजारो वर्षं दाबला त्यांनी वर्षातून एक दिवस कान फाडले तर मी त्यांना सभ्यता शिकवायला जाणार नाही. पण डीजे भाड्याचा. पैसे जातात त्याच्या मालकाकडं. गाडी निघून गेली की वस्तीत काय उरतं? बटण दाबायलाही आपलं पोरगं नसतं. बेंजोचं बटण दाबायला पोरगं लागतं, आणि ते पोरगं दुसऱ्या दिवशी पण वस्तीतच असतं.

आता कामाचं. आबांचं वय ऐंशी पार झालंय. बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. त्यांच्याकडं अकरा चाली आहेत. वराताची, हळदीची, शिवेवर थांबायची, पोरीच्या बोळवणीची... नावं त्यांनीच ठेवलेली. मला सहा येतात. पाच राहिल्यात. माझी पाळी, लोकलचा प्रवास, ह्यात आठवड्याला एक तास मिळतो. आबांची बोटं आणि माझा तास ह्यांची शर्यत लागलीय आणि मला ती एकट्याला जिंकता येईल असं वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं तीन वाक्यांत मांडतो. एक, प्रत्येक वस्तीत असा एक म्हातारा किंवा म्हातारी उरलेली आहे. ह्या वर्षी तिच्या पायाशी बसा, चाल फोनवर धरून ठेवा आणि ती कुठून आली ते विचारून लिहा, कारण लिहून घेणारा दुसरा आला तर तो त्याला हवं तेच लिहून नेईल. दोन, ती चाल बेंजोवर घ्या, पेटीवर घ्या, कीबोर्डवर घ्या, जे घरात असेल त्यावर, आणि तिच्यावर आपले शब्द चढवा. तीन, जयंतीला जो कुणी वाजवेल, बेंजोवाला असो की हलगीवाला, तो पंगतीत आपल्या मांडीला मांडी लावून जेवेल. हे तिसरं होत नसेल तर पहिली दोन करू नका, त्यांचा काही उपयोग नाही.

दोस्ता, मीटिंगमध्ये मी गप्प बसलो त्याबद्दल माफी. डीजे आणायचा ठराव झालाय, तो मी मोडणार नाही, वर्गणी पण देईन. पण रविवारी दुपारी माझ्या घरी ये. नेरळ स्टेशनाबाहेर कळंबची गाडी लागते, माहीत आहे तुला. आबा ओट्यावर असतील. पणजीच्या जात्याची चाल पहिल्यांदा ऐक आणि मग सांग, तिच्यात कुठं मानकरी दिसतो का. दिसला तर मी बेंजो स्वतः गोणपाटात गुंडाळीन. नाही दिसला तर मोकळ्या तारा तू लाव. सूर धरायला कुणीतरी लागतंच.

जयभीम.